दगडाची मागची बाजू

खालापूरच्या नाक्यावर एक पाथरवट पाटे-वरवंटे घडवत बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घण उचलण्याआधी तो दगडाभोवती फेरी मारून मागे कुणी नाही ना, हे पाहायचा आणि तिथे गोणपाट टेकवायचा. एका रविवारी मी सावली पाहून दगडामागे बसलो, तसा तो ओरडला, "उठा सायेब! डोळं नको झालं का तुमाला? मार पुढं बसतो, पन कपची मागनं उडते."

मी हसलो.

तेव्हा मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काचेच्या चकतीवर क्षणभर प्रखर प्रकाश टाकून पाहत होतो. प्रकाश पुढून येतो, म्हणून मागची जागा सुरक्षित, असं समजून सहकाऱ्याची खुर्ची मी चकतीमागे ठेवली होती. त्याच आठवड्यात चकतीचा पुढचा पृष्ठभाग एकदम तापून फुगला, त्याचा धक्का लाटेसारखा काचेतून धावला आणि मागची कपची उडाली. सहकाऱ्याचा उजवा डोळा गेला. मी पुढे होतो, मला ओरखडाही नाही.

पुढच्या रविवारी पाथरवटाला सगळं सांगितलं. 'सांगितलं व्हतं ना' असं तो म्हणेल, याची तयारी ठेवली होती. त्याने घण खाली ठेवला, माझ्या दोन्ही डोळ्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मंग मागं कुनाला बसवलं व्हतं?"

चौकशीच्या कागदावर मी आदल्याच दिवशी लिहून दिलं होतं, 'सहकारी मागे बसला होता.'