बाजारले जाऊन येतो

माझ्या मोठ्या मायइतकी सराईत थापाडी बाई अख्ख्या वाशिम जिल्ह्यात दुसरी नसेल. फक्त तिच्या सगळ्या थापा झाडांसाठी राखीव असत. मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. दसरा झाला की इंझोरीतलं पक्कं घर काकांच्या हवाली करून ती शेतातल्या खोपडीत राहायला जाई, ती हरभरा निघाल्यावरच परते. जायची राखणीला, पण हरभऱ्याकडे तिचं लक्ष कमीच. खोपडीच्या कुडावर वाल, छपरावर दोडका, दारात झेंडू. धुक्यात ती या सगळ्यांची विचारपूस करत फिरे, तेव्हा ती जमिनीवर चालतेय की तरंगतेय, ते कळत नसे. वालाला ती जावईबापू म्हणे, कारण तो सगळ्यात जास्त खत खाऊन सगळ्यात उशिरा फुले. त्याच्यासमोर कुणी शेंगांचा भाव काढला तर म्हणे, "हळू बोल ना बाई, आयकून राह्यला तो!"

खरी गंमत निघायच्या दिवशी. बाग ऐन भरात असे आणि हिला तर निघायचं असे. मग भांडी गोणीत भरून ती वेलांना ठणकावून सांगे, "मंगरूळपीरच्या बाजारले जाऊन येतो!" त्यांचा विश्वास बसावा म्हणून दोरीवर जुनं लुगडं वाळत आणि दारात चपला तशाच ठेवून, काट्याकुट्यातून अनवाणी गावात येई. दुसऱ्या दिवशी काका चोरासारखे जाऊन चपला आणत, आणि विहिरीला पाणी असेतो बागेला घालत.

मी चळवळीची पत्रकं वाचत आणि लिहीत वाढलेली. एकदा भडकलेच, "खोटं ते खोटंच, मोठी माय! झाडांना फसवायचा तुला काय अधिकार?"

"खरं तू तुह्या पत्रकात लिहित जाय," ती शांतपणे म्हणाली. "फुलावर आलेल्या वालाले मी कायले रडवू?"

यंदा तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. शेत मक्त्यानं गेलं, मुलानं दोघांना कायमचं अकोल्याला न्यायचं ठरवलं. तिसरा मजला. काका सामानाबरोबर पुढे गेले आणि तिला आणायला मी खोपडीवर गेले. वाल जांभळ्या फुलांनी नुसता पेटला होता. तिनं लुगडं दोरीवर टाकलं, चपला दारात नीट जोडून ठेवल्या, वेलासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"पोरी, आज मले नाई जमून राह्यलं. तूच सांग."

मी वालाकडे तोंड केलं. घसा खाकरून मोठ्यानं म्हटलं, "आम्ही मंगरूळपीरच्या बाजाराला जाऊन येतो."

"बाजारले म्हन," ती कुजबुजली. "नाई तं त्याले शक येईन."

"बाजारले," मी म्हटलं.

तिनं माझा दंड धरला. धुऱ्याच्या बांधावरून ती अनवाणी, सावकाश चालत राहिली. मी मात्र एकदा मागे वळून पाहिलं. दारातल्या चपला तिची वाट पाहत होत्या.