ताईने सांगितलेली गाणी

ताईचं दुसरं लग्न झालं तेव्हा ती सेहेचाळीसची होती आणि भावोजी पन्नाशी ओलांडलेले. ते फ्रिज दुरुस्त करायचे. त्यांची पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण इतका अबोल की आमची आई म्हणाली, "याच्यापेक्षा याचे फ्रिज जास्त बोलत असतील." उलट ताई कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसणारी. दिवसभर लोकांशी बोलून तिचं भागायचं नाही, उरलेलं ती घरी येऊन बोलायची.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. ताई माझ्याकडे आली ती तोंड पाडूनच.

"काहीतरी लपवतायत गं माझ्यापासून. जेवण झालं की कानात इअरफोन घालून गॅलरीत बसतात. मी गेले की झटकन काढून ठेवतात."

"फोनवर बोलत असतील."

"बोलत नाहीत. नुसतं ऐकतात. मधेच हसतात."

आता माझ्याही मनात पाल चुकचुकली. पण मनात कुढत बसणं ताईच्या स्वभावात नाही. त्याच संध्याकाळी ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "अहो, काय ऐकता ते मलाही ऐकू द्या. कुणी बाई असेल तर तसं सांगा, म्हणजे मी मोकळी."

भावोजी पार गोरेमोरे झाले. "बाई कुठली हो! गाणी आहेत. पण तुम्हाला नाही आवडायची. कुणालाच आवडत नाहीत." आणि त्यांनी इअरफोनचं एक टोक तिच्या हातात दिलं.

त्या गाण्याचं ताईने मला केलेलं वर्णन असं: कुणीतरी मिक्सरमध्ये खिळे टाकलेत, शेजारी पत्रा ओढला जातोय आणि त्या सगळ्यात एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय. तिचे दात शिवशिवले, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटलं तुला?" भावोजींनी विचारलं. लग्नापासून ते तिला अहो-जाहोच करत आले होते. ते 'तुला' कसं निसटलं ते त्यांनाही कळलं नाही. ताईला बरोबर कळलं.

"भयंकर," ती म्हणाली. "पण त्या बिचाऱ्याला झालंय काय एवढं?"

भावोजी खळखळून हसले, आणि मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. एकदा एका तरुणाच्या खोलीवर ते फ्रिज बघायला गेले होते. आत काहीतरी खडखडत होतं. त्यांनी फ्रिजचे पाय सारखे केले, मागची जाळी घट्ट केली, कॉम्प्रेसरला कान लावला. खडखड काही जाईना. शेवटी प्लग काढला, तरी चालूच! तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, ते माझं गाणं लागलंय."

"जन्मभर मी ज्या आवाजांचा बंदोबस्त करत आलो," भावोजी ताईला म्हणाले, "त्यांचं कुणी गाणं करतं, हे मला माहीतच नव्हतं."

त्यांनी गाणाऱ्याचं नाव विचारून घेतलं. त्या नावावरून दुसरं सापडलं, दुसऱ्यावरून तिसरं. कुणी तळघरात बसून वाजवलेलं, कुणी जुन्या टेपच्या पट्ट्या कापून पुन्हा जोडलेल्या, कुणी पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरून गायलेलं. दुकानात मिळत नाही, रेडिओवर लागत नाही, असं सगळं. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा ही शोधाशोध त्यांना सोबतीला होती. "गोड गाणी तेव्हा सोसायची नाहीत," ते म्हणाले.

ताईला ओरडणारे गवई कधीच आवडले नाहीत, आणि नवऱ्याचं मन राखायला खोटं बोलणाऱ्यांतली ती नव्हे. पण एकच सूर लांबवर खेचत नेणारं, जिथे घटकाभर काहीच घडत नाही, असं काही लागलं की ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची. टाकीतल्या बाईचं गाणं तर तिला फार आवडलं. शब्द नाहीत, काही नाही. "ही कुणालातरी झोपवतेय," ताई म्हणाली. एका छापखान्याच्या तळघरात असल्या गाण्यांचा कार्यक्रम होता, तिथेही दोघं जाऊन आली. ऐकणारी सगळी पोरंटोरं. ताईने पर्समधून कापूस काढला, स्वतःच्या कानात घातला आणि उरलेला आजूबाजूच्यांना वाटला.

पुढे भावोजींच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. आधी अधूनमधून, मग सतत. कानाच्या डॉक्टरांनी इअरफोन बंद केले, मोठे आवाज बंद केले. काम चालू राहिलं, पण माणूस मिटला. संध्याकाळी गॅलरीत नुसते बसून राहायचे. ताई काही बोलायला गेली की "हं" म्हणायचे.

काही दिवस तिने ते पाहिलं. मग एके दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, तिने स्वतः इअरफोन लावले आणि आपणच शोधायला बसली. एका नावावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. संध्याकाळी जेवताना म्हणाली, "आज एक नवीन मिळालं. सांगू?"

भावोजींनी मान वर केली.

"सुरुवातीला काहीच नाही. मला वाटलं, फोन बिघडला. मग लांब, वरच्या मजल्यावर, कुणीतरी कपाट सरकवतंय. हळू हां, घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून. मग बारीक घंटा. ती जवळ येते, येते, आणि येतच नाही."

"मग?"

"मग कपाट पुन्हा जागेवर."

"आणि घंटा?" भावोजींनी घास हातातच धरला होता.

त्या दिवसापासून ती रोज एक गाणं आणायला लागली. तोंडाने आवाज काढून दाखवायची, भांड्यावर चमचा घासायची, मधेच "छे, असं नाही" म्हणून पहिल्यापासून सुरू करायची. शिट्टी काही गेली नाही. पण भावोजी पुन्हा बोलायला लागले, वाद घालायला लागले. "घंटा नसेल ती, काच असेल," वगैरे.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनी थोडी मोकळीक दिली. ताईने ते कपाटाचं गाणं साध्या स्पीकरवर अगदी बारीक लावलं. भावोजी उजवा कान पुढे करून बसले. संपल्यावर ताईकडे वळले.

"यात कपाट कुठंय?"

"अहो, ते काय, मधे!"

"ते कपाट नव्हे. तू सांगितलेलं जास्त चांगलं होतं."

ताई रुसली म्हणे, पण सांगताना तिच्या चेहऱ्यावर रुसवा कुठेच नव्हता.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दार उघडंच होतं. ताई ओट्यापाशी उभी राहून हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि भावोजी स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होते. मी आत शिरत म्हटलं, "अगं ताई, ऐक ना..."

भावोजींनी डोळे न उघडता हात वर केला. "बस जरा. अजून संपलं नाहीये."