आंबलेली टाकी

रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले शामराव तायडे मूळचे भुसावळचे. बदलीने जयपूरला आले आणि मालवीय नगरातच स्थिरावले. २००६ साली एका संस्थेसाठी त्यांनी शहरापासून सत्तर किलोमीटरवरच्या ढाणीत, म्हणजे शेतातल्या चाळीस घरांच्या वस्तीत, एक जनित्र बसवलं. घरोघरचं खरकटं आणि शेण टाकीत कुजवायचं आणि त्या गॅसवर इंजिन चालवायचं. विजेचा खांब तिथवर कधी पोचलाच नव्हता. आता संध्याकाळी दोन तास घरटी एक दिवा लागू लागला.

दोन महिन्यांनी निरोप आला. टाकी गॅसने फुगलीय, पण इंजिन सुरू होत नाही.

म्हशीपुढचं खरकटं काढून बायकांनी बादल्या भरल्या होत्या, त्या शामरावांच्याच शब्दावर. पहिल्या बसने ते निघाले. त्यांच्या पत्नी कलावतीबाईही बरोबर आल्या. शामरावांनी गॅसच्या नळीशी काडी धरली. ज्योत भपकन उठून विझली. पुन्हा तेच. त्यांनी इंजिन दोनदा खोललं.

कलावतीबाई टाकीच्या तोंडाशी वाकल्या. "अहो, इंजिन कशाला खोलता? हे आंबलंय." तेव्हा शामरावांच्या लक्षात आलं: टाकी आंबट झाली की गॅस भरतो, पण तो जळत नाही.

बादल्या गोळा करणाऱ्या पार्वतीच्या घरी नुकतंच लग्न झालं होतं. उरलेली कढी, मिठाई तिने एकदमच टाकीत ओतली होती. जास्त घाला, जास्त उजेड मिळेल, असं बाबूजीच, म्हणजे शामरावच, म्हणाले होते, ती खाली मान घालून म्हणाली.

म्हणाले होते खरे. उद्घाटनाच्या दिवशी, टाळ्यांच्या भरात. आता सगळे तिच्याकडे बघत होते.

"चूक माझी आहे," शामराव हिंदीत म्हणाले, "हिची नाही."

मग टाकीला लंघन. खरकटं बंद, आंबटपणा मारायला थोडा चुना आणि रोज ताज्या शेणाचा काला, एवढंच. नवरा-बायको शाळेच्या ओसरीवर राहिले. रोज सकाळी शामराव काडी लावायचे, ज्योत विझायची, आणि दिवसभर त्यांना घास गोड लागत नसे.

तेराव्या दिवशी निळी ज्योत टिकली. संध्याकाळी चाळीसही घरांत दिवे लागले, पण दुसऱ्या सकाळी बादल्या आल्या अठ्ठावीसच. उरलेल्या बारा घरांनी खरकटं पुन्हा म्हशीपुढे ठेवलं होतं. त्या घरी शामराव समजूत घालायला निघाले, तेव्हा पार्वती आपणहून त्यांच्या पुढे चालू लागली.