कानमिस्त्री

"रडतेय हो गाडी. मागून रडतेय."

"गाड्या रडत नाहीत. बायका रडतात."

"पाय काढलात की रडते, पाय दिलात की गप्प होते. आत्ता कोपऱ्यावर वळलात तेव्हासुद्धा..."

"टायरचा आवाज आहे तो."

"टायर घरघर करतो. हे ऊंऽऽ आहे. बारीक. माझ्या मशीनला तेल कमी पडलं की ती करते ना, तसं."

"मग तू मशीन चालव. गाडी मला चालवू दे."

पिकअप अंगणात येऊन थांबली होती आणि दोघं आत बसून, एकमेकांकडे तोंड करून भांडत होती. मिस्त्रींनी दोन चकरा मारल्या होत्या त्या मागच्या डिफरन्शियलमधलं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी पेटीतलं, ऑईल कोमट व्हावं म्हणून. थंड ऑईल काकवीसारखं चिकटून बसतं, कोमट झालं की सगळी घाण घेऊन निघतं. मिस्त्रीणबाई मुद्दाम शेजारी बसल्या होत्या. शाळेचे गणवेश शिवायचे सोडून, मांडीवर अर्धी बाही तशीच ठेवून.

मिस्त्रींना गावभर लोक कानमिस्त्री म्हणायचे. कारखाना सोडून दोन वर्षं झाली, पण गाड्या अजून दाराशी यायच्या. दुरुस्तीला नव्हे, नुसत्या ऐकवायला. लाकडी मुठीचा एक लांबलचक स्क्रू ड्रायव्हर होता त्यांचा. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे बंद. कारखान्यात तेव्हा कुणीतरी रेडिओ बंद करायचं, ग्राइंडर थांबायचा. मग मिस्त्री एवढंच म्हणायचे, "तिसरा." उघडून बघावं तर तिसराच सिलिंडर गेलेला. कुणी विचारलं की हे कळतं कसं, तर म्हणत, "तुझी बायको न बोलता चिडलेली तुला कळते ना? तसंच." ती मूठ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती.

"सोमवारी बेकरीवाला आला होता," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "त्याची गाडीपण हेच रडत होती."

"काय रडत होती? ऐकली की मी. काही नव्हतं."

"मला खिडकीतून ऐकू येत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

त्यांनी मांडीवरची बाही सरळ केली. तीस वर्षांच्या कानापुढे शिलाई मशीनवाल्या कानाने काय बोलायचं? बेकरीवाला आज सकाळीच बायकोला आणि मुलीला घेऊन घाट उतरणार होता. जाताना फाटकापाशी हॉर्न वाजवून ओरडला होता, "निघालो हो मिस्त्री! तुम्ही म्हणालात म्हणून बिनधास्त!" मिस्त्रींनी वळून बघितलं नव्हतं. बाईंनीच हात हलवला होता.

"हे बघ," मिस्त्री उतरत म्हणाले, "वाद नको. खालच्या नटाला चुंबक असतं. आत जे काही झिजतं ते त्याला येऊन चिकटतं. बारीक चिखल निघाला तर मी खरा. एक जरी तुकडा निघाला तर तू खरी. मग यापुढे कुणाची गाडी ऐकणार नाही मी. बस?"

"मी कुठे म्हटलं ऐकू नका?"

"मी म्हणतोय."

जॅक लावला. दोन्ही बाजूंना टेकूच्या घोड्या दिल्या, गाडी ढकलून बघितली, हलत नाही याची खात्री केली. मग पोत्यावर पाठ टेकून ते खाली सरकले. कमरेपर्यंत नाहीसे झाले. पाना लागल्याचा आवाज, एक दमदार हुंकार, आणि कर्र करून वरचा नट सुटला. वरचाच आधी. याबाबतीत त्यांनी अर्ध्या गावाच्या मेकॅनिकांना फैलावर घेतलं होतं. खालचा आधी काढलास आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर ऑईल गेलं बाहेर आणि नवीन ओतणार कुठून, तुझ्या डोक्यातून?

मग खालचा. काळी धार पसरट भांड्यात पडू लागली. कुजक्या अंड्यासारखा वास अंगणभर झाला. बाईंनी पदर नाकाला लावला आणि वाकून बघितलं. धारेत चकाकी होती. माशाच्या खवल्यांसारखी.

"अहो, हे चमकतंय."

खालून उत्तर नाही.

"निघालं का काही?"

तरी ओ नाही.

बाई अजून जवळ गेल्या. त्यांच्या चपला मिस्त्रींच्या डोक्यापासून हातभरही लांब नव्हत्या. "अहो?"

गाडीखालून मिस्त्रींचे पाय तेवढे दिसत होते. एका पायाचा अंगठा हलत होता, विचार करताना हलतो तसा. म्हणजे माणूस जागा होता, शुद्धीत होता. बाई नेहमीच्या आवाजात, भाजीत मीठ घातलंय का विचारावं तशा म्हणाल्या, "मी निघाले हं माहेरी. कायमची."

अंगठा हलतच राहिला.

बाई पायरीवर बसल्या. वर्षभर त्या समजत होत्या, नवरा रुसलाय. पाठीमागून हाक मारली की ओ देत नाही. अंधारात काही विचारलं की कूस बदलतो. समोर बसलं की मात्र बोलतो, आणि बोलताना टक लावून बघतो तोंडाकडे. म्हातारपणी कौतुक आलंय असं वाटून त्या एकदोनदा लाजल्यासुद्धा होत्या. एकदा तर नवी टिकली लावली होती.

मिस्त्री बाहेर सरकले. उठून बसले. त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर करडा चिखल, आणि त्या चिखलात नखाएवढा पोलादाचा तुकडा. एका बाजूने काळा, तुटल्या बाजूने लख्ख पांढरा.

"क्राऊन चाकाचा दात," ते म्हणाले. "ताजा आहे."

"आवाज कसा आला नाही तुम्हाला?" बाई त्यांच्यासमोर येऊन, प्रत्येक शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या.

"इंजिनाचा येतो. ठोका येतो. पावसाचा येतो." ते तुकड्याकडेच बघत होते. "मला वाटलं, गाड्या हल्ली चांगल्या बनवायला लागलेत."

बाईंना हसू आलं. मग एकदम त्यांना आठवलं. "बेकरीवाला! त्याला फोन लावा आधी."

"हात तेलकट आहेत माझे."

वर्षभर हेच. फोन वाजला की मिस्त्रींचे हात तेलकट. जेवून उठल्यावर तेलकट, आंघोळ करून आल्यावर तेलकट. बाई धावत घरात गेल्या, फोन आणला, स्वतःच लावला, स्पीकर चालू केला. तीन वेळा वाजला.

"बोला वहिनी!" मागे एक छोटी मुलगी गाणं म्हणत होती.

"कुठे आहात?"

"घाटमाथ्यावर. चहा घेतोय. आता घाटाला लागायचं."

"लागू नका. गाडी तिथेच ठेवा. मागचा डिफरन्शियल तुमचाही गेलेला असेल. आमच्या गाडीतून दात निघालाय तुटून. आवाज सारखाच होता."

"काय सांगता? अहो, मिस्त्रींनी स्वतः ऐकलीय की."

"मी सांगतेय ना, नका जाऊ."

"तुमचं ऐकतो वहिनी, पण बायको-पोरीला भर रस्त्यात उतरवून बसवायचं म्हणजे... जरा मिस्त्रींना द्या. त्यांच्या तोंडून ऐकतो. ते म्हणाले तर एक पाऊल पुढे टाकत नाही."

बाईंनी फोन पायरीवर ठेवला. कोपऱ्यातला भुसा मूठभर घेतला, मिस्त्रींच्या तळव्यावरचा दात मडगार्डवर ठेवला, त्यांचे हात धरले आणि चोळायला लागल्या. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. मिस्त्री लहान मुलासारखे हात देऊन उभे. मग जुन्या गणवेशाच्या तुकड्याने पुसले. स्वच्छ. फोन उचलून त्यांनी त्या हातांत ठेवला.

"बोला," त्या म्हणाल्या. "नुसतं 'थांब' म्हणा."

"हॅलो? मिस्त्री? सोमवारी तुम्ही नीट ऐकलं होतंत ना?"

मिस्त्री बाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाईंचं तोंड बंद होतं.

"मिस्त्री, खरं सांगा हं. गेल्या महिन्यात माझ्या भावालाही तुम्हीच ठीक म्हणून पाठवलंत. शाळेच्या पोरांची ने-आण करतो तो. त्याची गाडी तरी धड आहे का? हॅलो?"

"तो विचारतोय," बाई एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सोमवारी तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

हे त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं, कळलं.

फोन त्यांनी तसाच चालू मडगार्डवर ठेवला, त्या दाताशेजारी. काळ्या भांड्याला वळसा घातला. दोन्ही नट उघडे टाकून, पाना जमिनीवर तसाच सोडून ते फाटकापर्यंत गेले. "अहो!" बाईंनी मागून जीव खाऊन हाक मारली, आख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडाव्यात अशी.

मिस्त्री फाटकाबाहेर पडले आणि चालू लागले.