पाव आटा

अंबरनाथच्या कारखान्यात मेंटेनन्सला तीस वर्षं काढली. नट ढिला दिसला की अजून हात शिवशिवतात. आमची रीत एकच: आवळा, आणि वर एक आटा, म्हणजे एक पूर्ण फेरा, जास्त.

त्याच रीतीने मी लेकीचा बेस गिटार बिघडवला. पावसाळ्यात त्याची लांब लाकडी मान पुढे वाकली, जाड तारा वर उचलल्या गेल्या आणि त्या दाबून दाबून तिची बोटं सोलवटली. मानेत लोखंडी सळई असते, ती आवळली की मान सरळ होते, एवढं मला कळलं. ती कॉलेजला गेल्यावर मी ॲलन की लावून दणदणीत दीड आटा दिला. संध्याकाळी तिने तार छेडली तर नुसती खरखर. मान आता उलटी मागे गेली होती, तारा तिच्यावर घासत होत्या. आणि दोनच दिवसांनी पालेगावच्या एका सोसायटीत तिच्या बँडचा पहिला कार्यक्रम. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने गिटार कव्हरमध्ये घातला आणि चेन ओढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं उल्हासनगर कॅम्प दोनला गेलो. दुरुस्तीवाल्या सिंधी काकांनी तार दोन्ही टोकांना दाबून तार आणि मान यांच्यामधल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहिलं. जाईना. मग मला विचारलं, काम काय करता. सांगितलं तर हसले.

"तभी. साहब, ये पंप नहीं, लकड़ी है. पाव आटा घुमाओ और छोड़ दो. रातभर में खुद बैठेगी."

त्यांनी सळई सैल केली आणि उरलंसुरलं सकाळी घरीच बघा म्हणाले.

घरी आल्यावर हात पुन्हा शिवशिवायला लागले. लेकीने ॲलन की तांदळाच्या डब्यात लपवली. मी ते पाहिलं, पण डब्याला हात लावला नाही. तीस वर्षांत इतकं अवघड काम केलं नव्हतं.

सकाळी कार्ड जरासं अडकत होतं. तिने डब्यातून की काढली, पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"बाबा, सैल कर. पाव. जास्त नको."

मी पाव आटा फिरवला आणि की खाली ठेवली. संध्याकाळी कार्यक्रमात लोक गाणी ऐकत होते, मी फक्त तिच्या तारा ऐकत होतो. खरखर कुठेच नव्हती.

आता ती पुण्याला नोकरी करते. तिथे दुरुस्तीवाले चिक्कार आहेत. तरी ऋतू बदलला की गिटार घेऊन घरी येते आणि की माझ्या हातात देते.