भरडाईचा खर्च

डायरेक्टर म्हणून सही कराया पेन टेकवलं आन् काका म्हणले, “थांबा ताई.” कडेवरची पोर रडाया लागली.

हे काका शहापूरवरनं आमच्या बायांच्या तांदूळ कंपनीचा ताळेबंद तपासाया येतात. नफा बघतच नाय, बडीशेप चघळत मागल्या पानावरनं उलटं वाचतात.

“भात भरडल्यावर कोंडा कुठं गेला?”

“गिरणीवाला ठेवतो, भरडाईच्या बदल्यात. आमच्याकडं तशीच रीत.”

“मग भरडाईचे पैसे कोणाला दिले? इथं खर्च लिहिलाय.”

गिरणी त्यांनी कदी बघितली पन नाय. मी रोज बघते, तरी मला दिसलं नव्हतं.

हिशेब माझ्या दिराने लिवलेला, आन् तो दारातच उभा होता. काकांनी माझ्याकडनं पेन घेतलं, टोपण लावलं आन् परत माझ्या हातात ठेवलं. “सही तुमची, ताई.”

तुमी काय केलं असतं?