वाट चुकलेल्यांसाठी प्रार्थना

आमच्या मंडळीत माझ्या प्रार्थनेची ख्याती होती, ती तिच्या लांबीबद्दल. मी डोळे मिटले की बायका पोरांना मांडीवर निजवून घेत. त्या रविवारी मात्र घोटाळा करायला मला फार वेळ लागला नाही. हात जोडले आणि सवयीने बोलून गेलो, "हे बापा, जे वाट चुकून आमच्यातून निघून गेले, त्यांचे आंधळे डोळे उघड!"

"आमेन," आमची माणसं एका सुरात म्हणाली. तीही सवयीनेच.

आणि ते वाट चुकलेले सगळे माझ्यासमोर सतरंजीवर बसले होते. त्याच दिवशी परत आले होते.

फूट पडली होती बाप्तिस्म्यावरून. डोक्यावर पाणी शिंपडलं की झालं, असं आमचं म्हणणं. माणूस पाण्यात पुरता बुडायला हवा, असं त्यांचं. त्यांनी गिरणा नदीत जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि कापसाच्या जिनाच्या रिकाम्या वखारीत वेगळी उपासना सुरू केली. त्यांचा पुढारी माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आम्ही पंचांनी ठरवलं, त्यांच्याकडे जाणं-येणं बंद. मी पंचांतला, म्हणून सगळ्यांच्या आधी माझ्या बायकोचं माहेर बंद झालं. माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं.

पुढे लढाईच्या दिवसांत मंडळीच्या देवळाची मागची भिंत बसली. आमच्याकडे उरली होती म्हातारी माणसं. गवंडी सगळे त्यांच्याकडे, पण त्यांची वखार मालकाने कापसासाठी परत मागितली. धुळ्याहून आलेल्या नव्या पाळकांनी दोन्हीकडचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे ठरलं: रविवारी एकत्र उपासना आणि प्रभुभोजन, सोमवारी सगळ्यांनी मिळून भिंतीला हात घालायचा. माझी बायको शनिवारपासून गुणगुणत होती. उपासना झाली की ती थेट माहेरी जाणार होती.

आणि मी हे असं बोलून बसलो. मेहुणा उठून उभा राहिला. "पाव्हणा, देवले काय सांगतस? आम्ही बठ्ठा आठेच शेतस. आम्हले सांगा ना."

सगळे इथेच आहेत म्हटल्यावर मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी तिथल्या तिथे 'चुकलो' म्हणायला हवं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "आता आपण भजन गाऊ." सूरही मीच धरला, इतका वरचा की तबला वाजवणाऱ्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. अजूनही ते भजन सुरू झालं की मी चपला शोधायला बाहेर जातो.

प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट फिरू लागलं. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी असेल त्याने भाकर घ्यायची नाही, ताट पुढे द्यायचं, ही आमची रीत. मेहुण्याने ताट पुढे दिलं. त्याच्या माणसांनीही दिलं. ताट बायकांकडे गेलं, तेव्हा मी मान वाकडी करून पाहिलं. माझ्या बायकोने ते हातात घेतलं, क्षणभर धरलं आणि भाकरीला न शिवता भावजयीकडे सरकवलं.

मग मात्र मला बसवेना. उठलो, तर पायाला मुंग्या आलेल्या. पश्चात्ताप झालेला माणूस कसा धीरगंभीर चालत जावा. मी लंगडत गेलो. मेहुण्यासमोर उभा राहून म्हणालो, "भाऊ, चुकलो. तोंडाला सवय लागली होती."

त्याने सरकून मला शेजारी जागा केली. मग म्हणाला, "सवय आम्हले बी शे."

वखारीतही दर रविवारी आमच्या आंधळेपणासाठी प्रार्थना व्हायची, हे मला तेव्हा कळलं. पाळकांनी ताट पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. या वेळी मेहुण्याने भाकर घेतली.

बायको दिवेलागणीला माहेराहून परतली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा उजळलेला. मला वाटलं, आता आपलं थोडं कौतुक होईल. म्हटलं, "बघ, चारचौघांत माफी मागितली की नाही भाऊची?"

"ऐकलं मी," चुलीत काड्या सारत ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या माहेराला आंधळं म्हणत होतात आणि मला त्यावर आमेन म्हणावं लागत होतं. माझी माफी चारचौघांत नको. इथे चुलीपाशी मागितलीत तरी चालेल."